शेतातून सत्तेकडे (भाग ७) : स्टॅनहोपचे जॉन मॅक्यूएन

मागच्या भागात आपण दक्षिण ऑस्ट्रेलियाचे थॉमस प्लेफर्ड पाहिले. घरच्या चेरीच्या बागा सांभाळणारा हा गडी सव्वीस वर्षं राज्याचा प्रमुख होता, आणि पक्का उजव्या विचारांचा असूनही १९४६ साली खासगी वीजकंपनी सरकारजमा करून मोकळा झाला. जॉन मॅक्यूएन यांचं कोडं त्याहून अवघड आहे. ते शेतकऱ्यांच्या पक्षाचे, म्हणजे कंट्री पक्षाचे, नेते. मतदार सगळे दूध, गहू, लोकर विकून जगणारे. आणि मॅक्यूएन यांनी आपलं सारं वजन खर्च केलं ते मेलबर्न-सिडनीच्या कारखान्यांभोवती आयातशुल्काची तटबंदी उभी करण्यात. त्या तटबंदीने शेतकऱ्याची कुंपणाची तार महाग केली, पत्रा महाग केला, ट्रॅक्टर महाग केला. तरीही शेतकऱ्यांनी त्यांना छत्तीस वर्षं सलग निवडून दिलं. हे असं का झालं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात ८६ एकरांच्या एका तुकड्यापासून करावी लागते.

जॉनचा जन्म २९ मार्च १९०० चा, व्हिक्टोरिया राज्यातल्या चिल्टर्न या लहानशा गावातला. वडील आयर्लंडहून आलेले, औषधांचं दुकान चालवणारे. जॉन दीड-दोन वर्षांचा असताना आई गेली, सात वर्षांचा असताना वडीलही गेले. मग आजीने वाढवलं. आजी विधवा, वँगरॅटा गावात खानावळवजा वसतिगृह चालवायची, पुढे मेलबर्नजवळच्या डँडेनाँगला आली. घरात पैशाची चणचण कायमची. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा एका औषध कंपनीत टेलिफोनच्या फळ्यावर बसला. दिवसा नोकरी आणि रात्री रात्रशाळा करत तो परीक्षा पास झाला आणि सोळाव्या वर्षी केंद्र सरकारच्या कायदा खात्यात कारकून म्हणून चिकटला. तिथे वरिष्ठ होते फ्रेड व्हिटलम. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी त्याचं काम आहे.

अठरा पूर्ण होताच जॉन सैन्यात भरती झाला, पण जहाजात चढण्याआधीच पहिलं महायुद्ध संपलं. लढाई पाहिलीच नाही, तरी भरतीचा कागद हातात होता आणि त्या कागदावर जमीन मिळत होती. परतलेल्या सैनिकांना शेतीवर बसवण्याची मोठी योजना तेव्हा सुरू होती. जमीन सरकारची, किंमत हप्त्यांनी फेडायची. मॅक्यूएन यांनी मेलबर्नच्या उत्तरेला, गोलबर्न नदीच्या कालव्याखालच्या भागात स्टॅनहोप इथे ८६ एकर निवडली. (ज्या मूळ रहिवाशांच्या या जमिनी होत्या, त्यांच्यातल्या सैनिकांना या योजनेतून जवळपास काहीच मिळालं नाही, हेही इथेच नोंदवून ठेवू.)

आपल्याकडे ८६ एकर म्हटलं की माणूस बागायतदार ठरतो. तिथे मात्र तो जेमतेम पोट भरण्याइतका तुकडा होता. पाणी कालव्याचं, पाळीपाळीने मिळणारं. घर आपणच बांधायचं, कुंपण आपणच घालायचं. हातात भांडवल नाही म्हणून मॅक्यूएन मेलबर्नच्या गोदीत हमाली करून पैसे जमवत आणि पुन्हा शेतावर येत. धंदा दुधाचा. पहाटे एक धार, संध्याकाळी एक धार. रविवार नाही, नाताळ नाही. दूध हाताने फिरवायच्या यंत्रात घालून मलई वेगळी काढायची, मलईचे कॅन लोणी कारखान्याला धाडायचे, उरलेलं पातळ दूध डुकरांना आणि वासरांना. मलईचा भाव ठरायचा कुठे, तर लंडनच्या बाजारात. तिथे डेन्मार्क आणि न्यूझीलंडचं लोणी जास्त आलं, की स्टॅनहोपच्या शेतकऱ्याचा त्या महिन्याचा हप्ता बुडायचा. भोवतालचे सैनिक-शेतकरी एकामागून एक जमीन सोडून निघून गेले. काहींना शेती येत नव्हती, काहींच्या जमिनीत मीठ फुटलं. पण बहुतेकांना मारलं ते भावाने आणि कर्जाने.

मॅक्यूएन टिकले. १९२१ मध्ये त्यांनी ॲन मॅक्लिऑड यांच्याशी लग्न केलं. त्या टाँगाला गावच्या. पुढे शेत मोठं झालं तेव्हा चिल्टर्न आणि टाँगाला या दोन गावांची नावं जोडून त्याचं नाव ‘चिलगाला’ ठेवलं. जमीन वाढत वाढत सुमारे ३,००० एकरांवर गेली, दुभत्या गायींच्या जागी मांसासाठीची जनावरं आली. दोघांना मूलबाळ झालं नाही. ॲनबाईंनी निवडणुकीच्या धामधुमीत शेताचा कारभार पाहिला, असं त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं आहे, आणि ते सहज पटण्यासारखं आहे. कारण १९३४ मध्ये संसदेत गेल्यानंतर नवरा घरी असायचाच किती?

संसदेत जाण्याआधीच्या शेतीच्या वर्षांत त्यांना एक धडा मिळाला तो लोण्याच्या भावाचा. व्हिक्टोरियातलेच कंट्री पक्षाचे एक नेते थॉमस पॅटरसन यांनी १९२६ पासून एक योजना चालवली होती. देशात तयार होणाऱ्या सगळ्या लोण्यावर थोडी पट्टी बसवायची आणि त्या पैशातून परदेशी जाणाऱ्या लोण्याला अनुदान द्यायचं. निर्यात फायद्याची झाली की माल बाहेर जातो, देशातला भाव चढतो आणि शेतकऱ्याला दोन्हीकडून चार पैसे मिळतात. भुर्दंड शहरातल्या गिऱ्हाइकाला. आता हे गिऱ्हाईक कोण? कारखान्यातला कामगार. तो महाग लोणी मुकाट्याने का खाईल? कारण त्याचा कारखानाही जकातीच्या आडोशाने उभा होता. हा अलिखित सौदा होता: तुमच्या मालाला संरक्षण, आमच्याही मालाला संरक्षण. मॅक्यूएन यांच्या साऱ्या अर्थकारणाचं बीज या सौद्यात आहे असं मला वाटतं. खुल्या बाजाराने आपल्या शेजाऱ्यांची शेतं उठवलेली त्यांनी पाहिली होती. बाजाराच्या न्यायबुद्धीवर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही.

१९३४ मध्ये ते एचुका मतदारसंघातून संसदेत गेले. तीनच वर्षांत मंत्री झाले आणि त्याबद्दल स्वतःच्याच पक्षाने त्यांना काढून टाकलं. व्हिक्टोरियातल्या कंट्री पक्षाचा हट्ट होता की शहरी उजव्या पक्षाशी आघाडी नको, मंत्रिपद तर नकोच. मॅक्यूएन यांनी ते घेतलं. हकालपट्टीनंतर परिषदेत त्यांच्याबरोबर सुमारे शंभर प्रतिनिधी उठून बाहेर पडले, वेगळी चूल मांडली, आणि १९४३ मध्ये तडजोड होऊन दोन्ही गट एकत्र आले. सत्तेबाहेर राहून शुद्ध राहण्यापेक्षा सत्तेत बसून सौदा करावा, हे त्यांचं मत तेव्हापासून ठाम दिसतं. गृहखात्याचे मंत्री असताना १९३९ साली त्यांनी नॉर्दर्न टेरिटरीतल्या मूळ रहिवाशांसाठी नवं धोरण जाहीर केलं. त्या काळाच्या मानाने ते पुढचं समजलं गेलं, पण त्याचा गाभा ‘आमच्यासारखे व्हा, मग हक्क मिळतील’ असाच होता. १९४० मध्ये पक्षाच्या नेतेपदासाठी ते आणि जुने नेते अर्ल पेज यांना सारखी मतं पडली, आणि मधल्या मध्ये आर्थर फॅडन यांचं फावलं. मॅक्यूएन यांना नेतेपदासाठी १९५८ पर्यंत थांबावं लागलं.

पण त्यांचं खरं काम पद मिळण्याआधीच झालं होतं. १९४९ पासून ते व्यापार आणि शेती खातं सांभाळत होते; १९५६ मध्ये पंतप्रधान मेन्झीज यांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र व्यापार खातं काढलं. सचिव मिळाले जॉन क्रॉफर्ड. (हेच क्रॉफर्ड पुढे १९६४ मध्ये जागतिक बँकेच्या बेल शिष्टमंडळातून भारतात आले. सुधारित बियाणं, खत आणि शेतकऱ्याला परवडेल असा भाव यांची सांगड घाला, हा त्यांचा सल्ला आपल्या हरितक्रांतीच्या धोरणात उतरलेला आहे. स्टॅनहोपचा धागा असा थेट आपल्या शेतापर्यंत येतो.)

या दोघांनी एक गोष्ट इतरांच्या आधी ओळखली. ऑस्ट्रेलियाची शेती ब्रिटनला बांधलेली होती. १९३२ च्या ओटावा करारानुसार ब्रिटन ऑस्ट्रेलियाचा माल झुकत्या मापाने घेई, आणि बदल्यात ब्रिटिश कारखानदाराला ऑस्ट्रेलियात सवलत मिळे. पन्नाशीच्या दशकात ब्रिटनला अर्जेंटिनाचं मांस आणि इतरांचा स्वस्त गहू खुणावू लागला होता. ऑस्ट्रेलियाच्या हाती मात्र ब्रिटनला दिलेल्या सवलतींचं ओझं तसंच राहिलं. १९५६ मध्ये मॅक्यूएन यांनी लंडनला जाऊन त्या सवलती कमी करून घेतल्या आणि दुसऱ्या देशांशी बोलायला हात मोकळे केले.

दुसरा देश म्हणजे जपान. १९५७ मध्ये हे नाव ऑस्ट्रेलियात उच्चारणंसुद्धा सोपं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २२,००० ऑस्ट्रेलियन सैनिक जपानच्या कैदेत पडले होते, त्यातले ८,००० च्या आसपास तिथेच मेले. ब्रह्मदेशच्या रेल्वेवर हाडं मोडलेली माणसं गावोगाव जिवंत होती, आणि त्यातली कित्येक शेतकरीच होती, मॅक्यूएन यांच्याच मतदारसंघातली. माजी सैनिकांची संघटना विरोधात, मजूर पक्ष विरोधात, कापड गिरण्यांचे मालक तर सर्वांच्या आधी विरोधात. पण हिशेब उघड होता. जपान ऑस्ट्रेलियाची लोकर प्रचंड प्रमाणात विकत घेत होता, आणि ऑस्ट्रेलिया जपानच्या मालावर सर्वांत चढी जकात आणि वेगळे परवाने लादत होता. असं गिऱ्हाईक किती दिवस टिकेल? उद्या जपानने लोकरीऐवजी कृत्रिम धागा धरला, गहू अमेरिकेकडून घेतला, तर ऑस्ट्रेलियन शेतकऱ्याने कुणाच्या दारात उभं राहायचं?

६ जुलै १९५७ रोजी जपानमधल्या हाकोने या थंड हवेच्या ठिकाणी पंतप्रधान किशी नोबुसुके आणि मॅक्यूएन यांनी व्यापार करारावर सह्या केल्या. जपानी मालाला इतर देशांच्या मालासारखीच वागणूक मिळेल, आणि जपान ऑस्ट्रेलियन लोकरीवर जकात बसवणार नाही, गहू-सातूच्या खरेदीत दुजाभाव करणार नाही, असा त्याचा अर्थ. घरी परतल्यावर शिव्या मिळाल्या. मॅक्यूएन यांनी त्या खाल्ल्या आणि धोरण सोडलं नाही. १९६१ मध्ये ब्रिटनने युरोपच्या सामायिक बाजारात शिरण्यासाठी अर्ज केला तेव्हा शिव्या देणाऱ्यांपैकी अनेकांचे डोळे उघडले. १९६६-६७ मध्ये ब्रिटनला मागे टाकून जपान ऑस्ट्रेलियाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक झाला, आणि लोकर-गव्हाच्या पाठोपाठ लोहखनिज आणि कोळशाची जहाजं लागली. नेता लोकांच्या पुढे दहा वर्षं चालला तर काय होतं, याचं इतकं नीट मोजता येणारं उदाहरण राजकारणात क्वचितच सापडतं.

आता दुसरी बाजू. विदेशी चलनाच्या टंचाईमुळे १९५२ पासून ऑस्ट्रेलियात आयातीवर परवाने होते. १९६० मध्ये ते उठवले आणि बाहेरचा माल आत घुसला. कारखानदार धावत मॅक्यूएन यांच्या दारी आले. त्यांनी सर्वांना आडोसा दिला. नेहमीची पद्धत अशी होती की टॅरिफ बोर्डाने चौकशी करायची, उद्योग कार्यक्षम आहे का ते बघायचं आणि मग जकात सुचवायची. याला वेळ लागतो म्हणून मॅक्यूएन यांनी १९६२ मध्ये तातडीची वेगळी व्यवस्था काढली, जिथून महिन्याभरात संरक्षण मिळू शकत होतं. बोर्डाचे अध्यक्ष लेस्ली मेलव्हिल यांनी त्या वर्षी राजीनामा दिला.

मॅक्यूएन यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने युरोपातून लाखो माणसं आणली. लोकसंख्या पंचवीस वर्षांत ७५ लाखांवरून सव्वा कोटीवर गेली. या माणसांना कामं कोण देणार? शेतीवर यंत्रं आली होती, तिथे माणसं कमी होत चालली होती. कारखाने हवेत, आणि कोवळ्या कारखान्यांना कुंपण हवं. शिवाय शहरांत मतदार वाढत होते आणि खेड्यांत घटत होते. कारखानदार आणि कामगार यांच्याशी सौदा केला नाही तर शेतकऱ्याच्या हमीभावाला संसदेत हात वर कोण करणार? शेतकरी पक्षाच्या अल्पसंख्य भवितव्याचं हे गणित होतं आणि ते त्यांनी थंड डोक्याने मांडलं होतं.

फक्त ते सर्व शेतकऱ्यांसाठी सारखं नव्हतं. दूधवाल्याचा बराच माल देशात खपे, त्याला चढ्या भावाचा फायदा मिळे; गहूवाल्याला किमतीच्या स्थिरतेची योजना होती. मेंढपाळाची मात्र जवळपास सगळी लोकर परदेशी जायची. ती विकायची जागतिक भावाने, आणि कातरणीचं यंत्र, कुंपण, मोटारगाडी विकत घ्यायची जकातीच्या भावाने. त्याच्या पदरात या सौद्याचं काहीच पडलं नाही, बिल मात्र त्याने फेडलं. मॅक्यूएन यांचा मूळ धंदा लोकरीचा असता तर ऑस्ट्रेलियाची जकात वेगळी दिसली असती, असं मला राहून राहून वाटतं. आणि एक दोष तर माफ करता येत नाही: कोवळ्या रोपाला घातलेलं कुंपण झाड झाल्यावरही काढायचं नाही, ही त्यांची पद्धत. संरक्षण मागणारा उद्योग स्वतःहून कधीच ‘आता पुरे’ म्हणत नाही. दुधाच्या धंद्यात पै-पैचा हिशेब केलेला माणूस ही गोष्ट विसरला, हे चमत्कारिकच.

गंमत म्हणजे त्यांना सर्वांत मोठा धक्का दिला तो त्यांच्याच माणसाने. १९६३ मध्ये टॅरिफ बोर्डावर त्यांनी आल्फ रॅटिगन यांना बसवलं. सरकारी नोकरीत मुरलेले, म्हणजे ऐकतील, हा अंदाज. रॅटिगन यांनी आकडेमोड केली, काही उद्योगांना किती अवाच्या सवा संरक्षण मिळतंय हे कागदावर मांडलं, आणि १९६७ च्या अहवालात सगळ्या जकातींचा फेरविचार मागितला. मॅक्यूएन संतापले, रॅटिगन हलले नाहीत.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते नाट्य घडलं ज्यामुळे सामान्य ऑस्ट्रेलियन माणसाला आज मॅक्यूएन हे नाव आठवतं. १७ डिसेंबर १९६७ रोजी पंतप्रधान हॅरल्ड होल्ट पोर्टसीजवळच्या चेव्हियट किनाऱ्यावर पोहायला उतरले आणि परत आले नाहीत. मृतदेहही मिळाला नाही. होल्ट यांच्या लिबरल पक्षाचे, म्हणजे सत्ताधारी आघाडीतल्या मोठ्या पक्षाचे, उपनेते होते अर्थमंत्री विल्यम मॅकमहन. तेच पुढचे पंतप्रधान, असं सगळे धरून चालले होते. मॅक्यूएन यांनी जाहीर केलं की मॅकमहन नेते झाले तर कंट्री पक्ष सरकारात राहणार नाही. १२४ जणांच्या सभागृहात लिबरल ६१ आणि कंट्री पक्ष २१. तेव्हा धमकी पोकळ नव्हती. या विरोधाचं कारण त्यांनी जाहीरपणे सांगितलं नाही. पण जकातीवरून दोघांत जुनं हाडवैर होतं, आणि महिन्यापूर्वीच ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केल्यावर ऑस्ट्रेलियाने तसं न करण्यावरून ठिणगी पडली होती. चलन महाग राहिलं तर निर्यात करणारा शेतकरी मरतो, हे मॅक्यूएन यांनी मंत्रिमंडळाचा निर्णय झाल्यावरही उघड बोलून दाखवलं होतं.

१९ डिसेंबरला मॅक्यूएन यांनीच काळजीवाहू पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. वय ६७. सुमारे तीन आठवडे त्यांनी कारभार पाहिला. लिबरलांनी ९ जानेवारी १९६८ ला जॉन गॉर्टन यांना निवडलं, दुसऱ्या दिवशी मॅक्यूएन पायउतार झाले. गॉर्टन हेही बागायतदारच. वडिलांची संत्र्यांची बाग सांभाळून राजकारणात आलेले. मॅक्यूएन यांना हवं असतं तर ते खुर्चीला चिकटून बसले असते, असं काहीजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. २१ जणांच्या पक्षाच्या बळावर पंतप्रधान होता येतं, राहता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? त्यांना पद नको होतं. मॅकमहन नको होते. १९६९ मध्ये त्यांनी तो नकारही मागे घेतला, आणि ते निवृत्त झाल्यावर सुमारे महिनाभराने, मार्च १९७१ मध्ये, मॅकमहन पंतप्रधान झाले.

लोक त्यांना ‘ब्लॅक जॅक’ म्हणत. उंच, ताठ, दाट भुवया, हसणं दुर्मीळ. या करड्या चेहऱ्यामागे एक शारीरिक यातनाही होती: मोठेपणी बहुतेक काळ त्यांना तीव्र त्वचारोग होता, आणि संसदेत चालताना कित्येकदा त्यांचे पाय रक्ताळलेले असत. परदेशी भांडवलाबद्दल ते शेवटपर्यंत सावध राहिले. दरवर्षी शेताचा तुकडा विकून घरखर्च भागवणाऱ्या कुटुंबाचं उदाहरण ते देत, आणि १९७० मध्ये देशी उद्योगांना कर्ज मिळवून देणारं सरकारी महामंडळ त्यांनी गॉर्टन यांच्याकडून मंजूर करून घेतलं. उतारवयात दुखणं असह्य झालं तेव्हा त्यांनी अन्न घेणं सोडलं. २० नोव्हेंबर १९८० रोजी ते गेले.

त्याआधी त्यांनी आपल्या तटबंदीला पडलेलं पहिलं खिंडार पाहिलं. जुलै १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने एका फटक्यात सगळ्या जकाती २५ टक्क्यांनी कमी केल्या. पंतप्रधान होते मजूर पक्षाचे गॉफ व्हिटलम. सोळाव्या वर्षी जॉन मॅक्यूएन ज्यांच्या हाताखाली कारकुनी करत होते, त्या फ्रेड व्हिटलम यांचे चिरंजीव. सल्ला देणाऱ्यांत आल्फ रॅटिगन होते.

जपानच्या कराराबद्दल मॅक्यूएन यांना पूर्ण गुण द्यावे लागतात. जकातीबद्दल मी त्यांना नापास करेन, आणि तेही शेतकऱ्याच्या बाजूने. हाच निकाल त्यांच्या हयातीत संसदेत उभं राहून देणारा एक माणूस होता: दक्षिण ऑस्ट्रेलियाचा गहू-मेंढ्यांचा शेतकरी आणि लिबरल खासदार बर्ट केली. जकात या रटाळ विषयावर त्याने वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं विनोदी सदर लिहिलं आणि लोकांनी ते आवडीने वाचलं. पुढच्या आठवड्यात त्याच्याबद्दल.